घराच्या आडोशास बी रुजविणे व रोपे तयार करणे

मिरची, वांगी, टोमॅटो, कांदा ही पिके आपल्याकडे रोपे करून लाविली जातात, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. पूर्वी या पिकांचे बी घरचे असे. वाफ्यातील चांगलेसे झाड हेरून त्यावरील दोन फळे बियाण्यास राखावी, बी धुऊन राखेत चोळून गाडग्यात घालावे व हंगाम आला म्हणजे मूठभर फोकून द्यावे, अशी वहिवाट होती. त्यांतील निम्मे बी मुंग्यांनी नेले आणि पाव पावसाने वाहविले, तरी उरलेल्यात शेतापुरती रोपे निघत आणि गेलेल्या बियाचे कोणास दुःख होत नसे. आता ती स्थिती राहिली नाही. संकरित जातींचे बी दहा-दहा ग्रॅमच्या पुड्यांतून येते आणि पुडी फोडताना एक दाणा भुईवर पडला तर घरधनी तो वाकून उचलतो. असे असूनही तेच बी उघड्या गादीवाफ्यावर जुन्या मुठीने फोकणारे शेतकरी आम्ही आजही पाहतो. बी महाग झाले, पण त्यास वागविण्याची रीत मात्र स्वस्ताईच्या काळातलीच राहिली.

यास्तव बी प्रथम घरात रुजवून पाहणे, मग आडोशाखालीच त्याची रोपे करणे आणि ती कणखर झाल्यावर शेताच्या हवाली करणे, या तीन गोष्टींचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. आडोसा म्हणजे काचेचे घर असा अर्थ कोणी घेऊ नये. ओसरी, पडवी, गोठ्याची रिकामी बाजू, परसातील चार बांबूंवर ताणलेली जाळी, यांपैकी जे असेल ते पुरे. मात्र आरंभीच एक सांगून ठेवितो. आडोसा बियाचे ऊन-पावसापासून रक्षण करितो हे खरे, पण घरातला अंधार, कोंदट हवा व फाजील पाणी ही तिन्ही रोपांची वैरी आहेत, आणि ती उघड्या वाफ्यापेक्षा घरातच अधिक आढळतात. आडोशाचा लाभ घेणे व त्याचे दोष टाळणे यातच या कामाची सारी मख्खी आहे.

बीजास काय हवे

रुजण्यास बियास तीन गोष्टी लागतात: ओल, ऊब व हवा. सुके बी हे निजलेले असते, मेलेले नव्हे. त्यास ओल मिळाली म्हणजे ते प्रथम फुगते. आत साठविलेला पिष्ट व स्निग्ध भाग विरघळून गर्भास पोसू लागतो. श्वास जोराने सुरू होतो आणि पहिल्याने मूळ बाहेर पडते. त्याच्या मागून कोंब येतो. श्वासास हवा लागते, म्हणून पाण्यात बुडवून ठेविलेले बी फुगते खरे, पण पुढे कुजते. आपल्या घरातील बायकांस ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी निथळावी, ओलसर फडक्यात सैल बांधून उबेच्या जागी ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी मोड येतात. पाण्यातच राहू दिली तर आंबूस वास येतो. कोकणातील रहू पद्धत तरी दुसरी काय आहे? भाताचे बी भिजवून, मोड आणून, मग ते चिखलणी केलेल्या खाचरात फोकितात.

उबेचे प्रमाण पिकागणिक निराळे असते. टोमॅटो, वांगी व मिरची यांस २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णमान मानवते. या उबेत टोमॅटो पाच ते सात दिवसांत, वांगी सहा ते आठ दिवसांत आणि मिरची आठ ते दहा दिवसांत वर येते. थंडी पडली म्हणजे हेच दिवस लांबतात, आणि मिरचीचे तर फारच लांबतात. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे पौषात पारा कित्येक वर्षी ५ अंशांखाली उतरतो. अशा वेळी उन्हाळी पिकासाठी टाकलेले मिरचीचे बी उघड्या वाफ्यात तीन-तीन आठवडे पडून राहते, आणि जे बी फार दिवस ओल्या मातीत निजते त्यास बुरशी गाठते. घरात चुलीच्या मागल्या भिंतीशी ठेविलेल्या बियास ही आपत्ती नाही.

उजेडाविषयी पुष्कळांचा गैरसमज आहे. आपण लावतो त्या बहुतेक भाजीपाल्याच्या बियांस रुजताना उजेडाची गरज नसते. तंबाखूसारखी काही अतिबारीक बीजे मात्र उजेडावर रुजतात, म्हणून ती मातीआड न करिता वरवर पसरतात. परंतु कोंब वर आल्या क्षणापासून उजेड हेच त्याचे अन्न. बियातील शिधा चार-सहा दिवसांचा. पुढे हिरव्या पानाने उन्हातून आपले अन्न आपण कमवावयाचे असते.

याचा उत्तम दाखला आपल्या देवघरात दरसाल दिसतो. नवरात्रात घटाभोवती मातीत धान्य पेरितात व त्यावर रोज पाणी शिंपडतात. नऊ दिवसांत ते वीतभर वाढते, परंतु त्याचा रंग पिवळा असतो आणि देठ इतका नाजूक की धक्क्याने लवावा. दसऱ्यास तो तुरा पागोट्यात शोभून दिसतो, पण शेतात लावू म्हटले तर एक दिवस तग धरणार नाही. अंधारात कोंब उजेडाच्या शोधात लांबतो, पोसत नाही. घरातील रोपे 'भराभर वाढली' म्हणून ज्यांस आनंद होतो त्यांनी घटाचा तुरा आठवावा. त्याच घटाचा दुसरा गुण असा की, पाच-सात धान्ये एका जागी रुजवून कोणते किती उगवले हे रब्बीच्या तोंडावर घरबसल्या दिसते. पूर्वजांच्या मनात काय होते हे आम्ही सांगू शकत नाही; परंतु डोळस शेतकऱ्यास ती बीजपरीक्षाच आहे.

आधी परीक्षा, मग पेरणी

बी घरचे असो वा बाजारचे, ते पारखल्यावाचून जमिनीत घालू नये. कायद्याने प्रमाणित बियाण्यास उगवणीची किमान मर्यादा ठरविली आहे: मिरचीस शेकडा ६०, टोमॅटो, वांगी, कांदा व सोयाबीन यांस ७०, भातास ८०, गव्हास ८५. पिशवीवरील खूणचिठ्ठीवर परीक्षेची तारीख व मुदत छापलेली असते ती आधी वाचावी. मात्र चिठ्ठी ही परीक्षेच्या दिवसाची साक्ष आहे. त्यानंतर ती पुडी कोणत्या कोठारात, किती उन्हात, किती दमट हवेत पडून होती हे चिठ्ठी सांगत नाही. हॅरिंग्टन नामक बीजशास्त्रज्ञाने सांगितलेला ठोकताळा असा की, बियातील ओल शेकडा एकाने कमी केली तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, आणि साठवणीचे उष्णमान ५ अंशांनी उतरले तरीही तसेच होते. उलट बाजूनेही हा हिशेब खरा धरावा. पत्र्याच्या दुकानात चैत्र-वैशाख काढलेल्या पुडीवर आंधळा विश्वास टाकू नये. कांद्याचे बी तर साध्या साठवणीत वर्षापलीकडे भरवशाचे राहत नाही.

परीक्षेची रीत सोपी आहे. पिशवीच्या वरून, मधून व तळातून थोडे थोडे बी काढून मिसळावे. त्यातून न निवडता शंभर दाणे मोजावे व पंचवीस-पंचवीसचे चार भाग करावे. टपोरे दाणे वेचून घेतल्यास परीक्षा बियाची न होता आपल्या हौसेची होते. धुतलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर, किंवा तीन-चार पदरी वर्तमानपत्राच्या कागदावर, ओलावून निथळल्यावर, दाणे एकमेकांस न लागतील असे रांगेने मांडावे. वर तसेच दुसरे आच्छादन घालून सैल गुंडाळी करावी आणि घरात उबेच्या जागी ठेवावी. रोज पाहून ओल राखावी, पण पाणी ठिबकू देऊ नये. सोयाबीनचा निकाल चार-पाच दिवसांत, टोमॅटोचा आठवड्यात व मिरचीचा दोन आठवड्यांत कळतो.

मोजताना ज्याचे मूळ व कोंब दोन्ही धड आहेत तोच दाणा उगवलेला धरावा. नुसते फुटलेले, मुळाचे टोक काळे पडलेले किंवा कोंब मोडलेले दाणे वगळावे. ते कागदावर उगवतात, मातीत उगवत नाहीत. चार भागांचे आकडे जवळपास असले तर परीक्षा खरी. एकात बावीस व दुसऱ्यात बारा आले तर कोठे तरी ओल कमीजास्त झाली असे समजून परीक्षा पुन्हा करावी. दहा दाण्यांवरून कधीही निकाल लावू नये, कारण तेथे एका दाण्याने शेकडा दहाचा फरक पडतो.

निकालावरून बियाचे माप ठरवावे. उदाहरणार्थ, सोयाबीनची शिफारस एकरी ३० किलोची आहे व ती शेकडा ७० उगवण धरून आहे. आपल्या परीक्षेत ६० आले, तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो बी लागेल. साठाच्याही खाली आले तर ते बी खाण्याच्या किंवा विकण्याच्या धान्यात जमा करून दुसरे मिळवावे. मात्र त्यास औषध लाविलेले नसेल तरच. २०१९ साली ऐन काढणीत पावसाने सोयाबीन भिजले आणि २०२० च्या खरिपात मराठवाडा व विदर्भ या भागांत बी न उगवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची आपण होऊन दखल घेतली. दुबार पेरणी म्हणजे दुसरे बी, दुसरी मजुरी व हातचा गेलेला वाफसा. एक ओले गोणपाट व पाच दिवस यांनी ज्याची सूचना आधी मिळते, ते नुकसान एकरभर सोसण्यात शहाणपण नाही. सोयाबीनविषयी आणखी एक सांगतो. त्याचे साल पातळ व आतला अंकुर सालीलगत असल्यामुळे पोती आदळली, उंचावरून टाकली, तर धडधाकट दिसणारा दाणाही आतून जायबंदी होतो.

रोपांसाठी बी घालणे

सोयाबीन, गहू यांची परीक्षा झाली की पेरणी शेतातच होते. पुढील मजकूर ज्यांची रोपे करावी लागतात त्या पिकांविषयी आहे.

कारली, दोडका, कलिंगड अशा टणक सालीच्या बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून मोड आणावे व मगच लावाव्या. पांढरे मूळ तिळाएवढे दिसताच लावणे उत्तम. ते बोटभर होऊ दिल्यास लावताना मोडते, आणि तुटलेल्या सोटमुळाची भरपाई वेल जन्मभर करू शकत नाही. मिरची, वांगी, टोमॅटो यांचे बी बारीक असल्याने मोड आणण्याच्या खटपटीत न पडता सरळ खणांत घालावे.

यासाठी प्लॅस्टिकचे खणांचे ट्रे आता गावोगाव मिळतात. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांस ९८ खणांचा आणि वेलवर्गी पिके व पपई यांस ५० खणांचा ट्रे वापरतात. ट्रे न मिळाल्यास तळाशी भोके पाडलेली खोकी किंवा कागदी पेले यांवरही काम भागते. मात्र प्रत्येक रोपाचे मूळ निराळे राहिले म्हणजे लावणीच्या वेळी ते तुटत नाही, हा खणांचा मोठा गुण आहे. भरण्यास नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यास कोकोपीट म्हणतात, तो सोईचा. तो हलका असतो, पाणी धरतो व जादा पाणी सोडतो. तो घेताना धुतलेलाच घ्यावा, कारण कच्च्या भुशात क्षार असतात व ते कोवळ्या मुळांस बाधतात. एका ९८ खणी ट्रेस ओलविलेला भुसा सुमारे सव्वा किलो लागतो. घरचेच मिश्रण करावयाचे असल्यास चाळलेली पोयट्याची माती, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व बारीक वाळू समभाग घ्यावी. अर्धवट कुजलेले शेणखत घराच्या आडोशास मुळीच आणू नये. त्यात हुमणी येते आणि बुरशीही येते. भुशात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळल्यास पुढील कोलमड रोगास आळा बसतो.

भुसा मुठीत दाबला असता गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये, इतकाच ओला असावा. जमिनीच्या वाफशाची जी कसोटी, तीच येथे. खण भरून मध्ये अर्धा सेंटिमीटर खोल खळगा करावा, एकेका खणात एकेक बी ठेवावे व वर त्याच भुशाचा पातळ थर द्यावा. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोली पुरे, हा बहुतेक बियांस लागू पडणारा नियम आहे. खोल गेलेले बारीक बी वर येईतो आपला शिधा संपवून बसते.

असे दहा ट्रे एकावर एक रचून भोवती प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा. त्यायोगे आत ऊब व ओल राहते आणि पुन्हा पाणी द्यावे लागत नाही. येथवर काम सोपे आहे. चूक होते ती यापुढे. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून पाहावे, आणि थोडे कोंब दिसू लागताच त्याच घटकेस ट्रे सुटे करून उजेडात मांडावे. शेजारी लग्न आहे, उद्या पाहू, असे म्हणून एक रात्र घालविली तर कोंब अंधारात लांबतात, वरच्या ट्रेच्या तळात अडकतात, आणि ट्रे उचलताना माना मोडतात. दहा ट्रे म्हणजे जवळपास हजार रोपे एका रात्रीच्या आळसाने जातात.

येथे घरच्या माणसांसाठी एक सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. पुडीतील बी लाल, निळे किंवा हिरवे दिसते ते औषध लाविल्यामुळे. ते विष आहे. असे बी स्वयंपाकघरातील वाटीत भिजवू नये, उघड्या हाताने हाताळू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि उरलेले कोंबड्यांपुढे किंवा धान्यात टाकू नये. परीक्षेचे गोणपाट व भांडे त्याच कामास निराळे ठेवावे. मोड आलेली मटकी ज्या फळीवर असते त्या फळीवर औषधी बियाची गुंडाळी नसावी, एवढी दक्षता प्रत्येक घराने घ्यावी.

उजेड, वारा व पाणी

सुटे केलेले ट्रे ओसरीत ठेवावयाचे असल्यास पूर्वेकडील किंवा दक्षिणेकडील उघड्या बाजूस ठेवावे. उजेड एकाच अंगाने येत असेल तर रोपे तिकडे वाकतात, म्हणून ट्रे रोज अर्धा फिरवावा. त्याहून उत्तम म्हणजे परसात निम्मा उजेड अडविणाऱ्या जाळीचे छप्पर करून चोहोबाजूंस ४० ते ५० छिद्री बारीक जाळी लावावी. या बारीक जाळीचा हेतू उन्हाचा नाही. टोमॅटोवरील पर्णगुच्छ रोग पांढरी माशी पसरविते, आणि मिरचीवरील चुरडा-मुरडा फुलकिडे, कोळी व पांढरी माशी यांच्या योगाने होतो. रोप चार पानांचे असताना जे विष त्यात शिरते ते पुढे महिनाभराने शेतात दिसते, आणि मग फवारणी करून उपयोग नसतो. ट्रे जमिनीवर न टेकविता विटांवर किंवा फळ्यांवर ठेवावे, म्हणजे खालून हवा खेळते व मुळे भुईत शिरत नाहीत. पावसाळी, ढगाळ दिवसांत कोणी विजेचे पांढरे दिवे वीतभर उंचीवर चौदा तासपर्यंत लावितात. त्याने काम होते, पण देवाच्या सूर्याचा उजेड फुकट असताना तो आधी वापरावा.

पाणी हे या कामातील सर्वांत अवघड प्रकरण होय. खण लहान असल्याने उन्हात तो दुपारपर्यंत सुकतो, आणि सुकला म्हणून भरपूर पाणी घातले तर रात्रभर चिंब राहतो. नियम असा की, पाणी सकाळी द्यावे, बारीक झारीने द्यावे, आणि वरचा भुसा फिका पडल्याशिवाय देऊ नये. ट्रे उचलून पाहावा. हलका लागला तर पाणी, जड लागला तर नको. हाताला वजनाची सवय चार दिवसांत होते. संध्याकाळी पाने ओली राहणे म्हणजे बुरशीस आमंत्रणच.

रोपे रात्री उभी असतात व सकाळी भुईलगत देठ बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात, यास रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया इत्यादी बुरश्यांचे हे काम असून दाट रोपे, चिंब माती व कोंडलेली हवा येथे ती माजते. पुष्कळ जण रोपे माना टाकतात हे पाहून अधिक पाणी घालतात. तो घाव वर्मीच बसतो. प्रथम पाणी थांबवावे, पडदे वर करून वारा खेळू द्यावा, मेलेली रोपे व त्यांच्या खणांतील भुसा काढून दूर पुरावा, आणि मग कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यास २५ ते ३० ग्रॅम या मानाने मुळांशी ओतावे. मागील सालचे ट्रे पुन्हा वापरावयाचे असल्यास धुऊन कडक उन्हात वाळविल्याशिवाय वापरू नयेत.

कोकोपीटमध्ये खत नसल्यासारखेच असते. सबब दोन खरी पाने आल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ३ ग्रॅम घेऊन आठवड्यातून एकदा द्यावे. रोपे काळीभोर व लुसलुशीत करण्याच्या नादाने युरिया घालू नये. तशी रोपे शेतात पहिल्याच उन्हाने माना टाकतात आणि कीडही त्यांवरच पहिल्याने बसते.

शेताची सवय

आडोशातले रोप म्हणजे आजोळी लाडात वाढलेले मूल. त्यास एकाएकी उन्हात उभे केले तर ते करपते. लावणीपूर्वी आठवडाभर जाळी प्रथम सकाळच्या कोवळ्या उन्हापुरती, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर काढावी आणि पाणी हळूहळू कमी करावे. देठ जाड होतो, पान राठ व किंचित फिके होते, मुळे खणाच्या भिंतीस जाळे धरितात. रोप उपटताना भुशाचा गोळा न फुटता सगळा बाहेर आला म्हणजे ते तयार झाले असे जाणावे. ट्रेमधील टोमॅटो सुमारे २१ ते २५ दिवसांत, वांगी महिन्याच्या सुमारास आणि मिरची ३५ ते ४० दिवसांत या स्थितीस येते. याहून जून झालेल्या रोपांची मुळे खणात वेटोळी घालतात व ती शेतातही सरळ होत नाहीत. म्हणून लावणीचा दिवस आधी ठरवावा व त्यावरून बी घालण्याचा दिवस मागे मोजावा. लावणी उन्हे उतरल्यावर, भिजविलेल्या सरीत करावी.

हिशेब व नोंद

आमची हयात दप्तरात गेली. तेथे शिकलेली एक गोष्ट शेतीसही लागू पडते, ती ही की, ज्याची नोंद नाही त्याचा पुरावा नाही. एक एकर टोमॅटो चार फुटांच्या सरीवर दीड फुटाने लावावयाचा झाल्यास ४३,५६० चौरस फुटांस ६ ने भागून ७,२६० रोपे लागतात. नांग्या भरण्यास दहावा हिस्सा धरून सुमारे ८,००० म्हणू. परीक्षेत शेकडा ८५ उगवण आली असेल तर सुमारे ९,४०० बिया, म्हणजे ९६ ट्रे. टोमॅटोच्या एका ग्रॅमात ढोबळ मानाने ३०० बिया धरल्यास ३१-३२ ग्रॅम बी झाले. गादीवाफ्यावर टाकण्यास याच एकरास ५० ते ६० ग्रॅम लागते. वाचलेल्या वीस-पंचवीस ग्रॅम बियाची किंमत आपापल्या पुडीवर पाहून ट्रे व भुसा यांच्या खर्चाशी ताडून पाहावी; आणि ट्रे पुढील हंगामांसही उपयोगी पडतात हे विसरू नये. ज्यांस चार-दोन गुंठेच लावावयाचे आहे त्यांनी भरवशाच्या रोपवाटिकेतून रोपे घेणेही गैर नाही. मात्र जातीचे नाव व बी घातल्याची तारीख पावतीवर लिहून घ्यावी.

एका वहीत बियाची जात, गठ्ठा क्रमांक, विकत घेतल्याची व घातल्याची तारीख, शंभरांत किती उगवले, किती रोपे मेली व किती लाविली, एवढे रकाने आखावेत. पावती, रिकामी पिशवी व तीवरील चिठ्ठी पीक निघेपर्यंत जपावी आणि पिशवीत मूठभर बी शिल्लक ठेवावे. बी न उगवल्यास तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तक्रार निवारण समितीकडून शेताची पाहणी व पंचनामा होतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला आहे की, बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक असून त्यास ग्राहक न्यायमंचाकडे दाद मागता येते. परंतु हक्क असणे व तो शाबीत करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पावती नसलेला खरा मनुष्य कचेरीच्या पायरीवरून रिकाम्या हाताने परत जाताना आम्ही अनेकदा पाहिला आहे. ज्याच्या वहीत परीक्षेचा आकडा तारखेसह लिहिलेला आहे, त्याचे बोलणे अधिकाऱ्यास ऐकावेच लागते.

तात्पर्य, पाऊस आपल्या हाती नाही, बाजार नाही, परंतु बी जमिनीत जाण्यापूर्वीचे दिवस सर्वस्वी आपल्या हाती आहेत. त्या दिवसांत एक गोणपाट ओले करावे, शंभर दाणे मोजावे, कोंब दिसताच त्यास उजेड द्यावा, तहान लागेल तेव्हाच पाणी द्यावे, आणि उन्हाची ओळख करून देऊन मगच शेतात न्यावे. यास मोठे भांडवल लागत नाही. घरातील वडीलधाऱ्या बाया व शाळेत जाणारी मुले हे काम हौसेने करतील, आणि मोजण्याच्या कामी तर मुलेच अधिक चोख असतात. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक वाचकाने निदान एका पिकाच्या बियाची अशी परीक्षा घेऊन पाहावी, इतकीच आमची विनंती आहे.